नववी पाचर

दुकान. दुपारचे बारा.

डबीत आठ पाचरी होत्या.

मावशीनं त्या टेबलावर ओतल्या आणि बोटानं एकेक बाजूला सारली. आठ. पुन्हा गोळा केल्या, पुन्हा सारल्या. आठच. मग तिनं चष्मा काढून एप्रनला पुसला. चष्मा पुसल्यानं आकडा बदलत नाही हे तिला ठाऊक होतं, पण माणूस पुसून बघतो.

"वन्सं, जरा इकडे या."

"आता काय?"

"मोजा."

काउंटरमागून नणंद उठली. गुडघ्यावर हात ठेवून, आधी एक पाय, मग दुसरा. तिनं मोजल्या. "आठ. नववी खिशात असेल तुमच्या."

खिशात पेन्सिल होती, डोकेदुखीची गोळी होती, कसलंतरी बटण होतं. पाचर नव्हती. टेबलाखाली नव्हती. केरात नव्हती. केर नणंदेनं वर्तमानपत्रावर ओतून बोटांनी चाळला, तांदूळ निवडावेत तसा.

पाचर म्हणजे बुचाचा नखाएवढा तुकडा, एकीकडे जाड, दुसरीकडे निमुळता. मावशी सॅक्सोफोन दुरुस्त करते. सॅक्सोफोनला वीस-बावीस झाकणं असतात आणि प्रत्येक झाकणाच्या आत चामड्याची गादी. नवी गादी बसवली की ती रात्रभर दाबून ठेवायची, म्हणजे तिच्यावर भोकाच्या काठाचा ठसा उमटतो आणि मग हवा गळत नाही. दाबून ठेवायला झाकणाच्या वर पाचर खुपसायची. सकाळी काढायची, डबीत टाकायची. डबीत नऊ झाल्या की मगच वाद्य दाराबाहेर. हा नियम मावशीच्या सासऱ्यांचा. त्याला आणखी एक शेपूट होतं: एकानं मोठ्यानं मोजायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, आणि शेवटी 'नऊ' असं ऐकणाऱ्यानं म्हणायचं. मोजणाऱ्यानं नाही. सासरे म्हणायचे, मोजणारा दमलेला असतो, आणि दमलेल्या माणसाला हवा तोच आकडा दिसतो.

चौतीस वर्षं हा नियम मोडला नव्हता. सासरे गेले, नवरा गेला, नियम राहिला.

"सकाळी तुम्ही 'नऊ' म्हणालात, वन्सं."

"म्हणाले. रोज म्हणते."

"ऐकून म्हणालात?"

"वहिनी, मी फोनवर होते. सूनबाई वॉशिंग मशीनचं विचारत होती." नणंदेनं केराचा कागद दुमडला. "आणि तुम्ही तरी मोजत होतात का?"

मावशी मोजत नव्हती. महोत्सवाचा आठवडा, तीन दिवसांत अकरा वाद्यं, तीन रात्री मिळून झोप दहा तासांची. सकाळी तिनं ओंजळीतल्या पाचरी डबीत सोडल्या आणि तोंडानं आकडे म्हटले, जिना चढताना म्हणतात तसे. हात एकीकडे, आकडे दुसरीकडे.

काल रात्री नऊच्या नऊ पाचरी लागल्या होत्या, आणि आज सकाळी तीन वाद्यं गेली होती, तिन्ही तासाभरात. म्हणजे त्या तिघांपैकी कुणाच्या तरी वाद्यात एक पाचर तशीच होती.

कुठे असेल, तेही तिला कळून चुकलं. वरच्या झाकणात राहिली असती तर वाजवणाऱ्याला पहिल्याच फुंकरीला कळलं असतं. राहून जाते ती सगळ्यात खालच्या मोठ्या झाकणावर. तिथे वर तारेचा पिंजरा असतो, त्यात एक गडद रंगाचं बूच कायमचंच असतं, आणि पाचर त्याच्या शेजारी गुपचूप बसते. ते झाकण मिटलेलं राहिलं तर वरचे सूर बिनबोभाट वाजतात. फक्त सुरांच्या तळातल्या दोन पायऱ्यांची एकच पायरी होते. कुणी तिथवर उतरलंच नाही, तर काही कळायचं नाही. आणि उतरलं, तर भर स्टेजवर, माइकसमोर, पाय हवेत.

(नणंद आणि वहिनी म्हणायला ही दोनच माणसं. नणंद तिला वहिनी म्हणते, शहरातले झाडून सगळे वाजवणारे मावशी म्हणतात. वाजवणारे संख्येनं जास्त, म्हणून आपणही मावशीच म्हणू.)

"फोन करा ना मग," नणंद म्हणाली.

पहिल्याला फोन केला. वाजत राहिला. दुसऱ्याचा बंद होता. तिसरीकडे फोन नव्हताच. ती म्हणायची, ज्याला मी हवी असते तो मला शोधतो.

मावशीनं एप्रन काढलं. खिळ्याला लावलेले महोत्सवाचे पास काढले. दरवर्षी दोन पास येत आणि दरवर्षी त्यांच्यावर धूळ बसे. लग्नाच्या आचाऱ्याला पंगत दिसत नाही, तसा मावशीला हा महोत्सव कधी दिसला नव्हता. तिला दिसायचे ते त्याचे वाकलेले दांडे आणि फाटलेल्या गाद्या.

"वन्सं, एक सांगून ठेवते. कुणाचंही वाद्य माझ्यामुळे स्टेजवर अडलं ना, तर सोमवारी पाटी उतरवायची."

गेली दोन वर्षं नणंद हेच सांगत होती. डोळे गेलेत वहिनी, बंद करा आता, कोण बघणार आहे तुम्हाला. आज मात्र ती "बरं झालं" म्हणाली नाही. तिनं पाण्याची बाटली भरली, छत्री घेतली आणि आठ पाचरींची डबी स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"ती कशाला?"

"असू द्या. सापडली की कुठे ठेवणार? माझ्या अंबाड्यात?"


लाउडस्पीकर.

कृपया लक्ष द्या. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी आपलं स्वागत आहे. नऊ स्टेज, ऐंशी कार्यक्रम. तापमान अडतीस अंश. पाणी पीत राहा. काचेच्या बाटल्या, घडीच्या खुर्च्या आणि पाळीव प्राणी आत आणू नयेत. हरवलेल्या वस्तूंसाठी तंबू क्रमांक दोनवर चौकशी करावी.

"विचारायचं का तंबूत?" नणंद म्हणाली.


रस्ता. दुपारी एक.

पहिला शिडी. सहा फूट तीन इंच, त्यात हाडं जास्त, माणूस कमी. चालत्या बँडमध्ये वाजवतो. बँड उभ्या रस्त्यानं चालत जाणार, लोक दोन्ही बाजूंनी सोबत चालणार, आणि ज्यांना शिडीशी बोलायचंय त्यांनीही चालायचं.

मावशी चालली. डांबर चपलेखाली मऊ लागत होतं. पुढे ढोल, मागे ढोल, मध्ये पितळ. मावशीच्या कानाची गोष्ट वेगळी आहे. तिला गाणं ऐकू येत नाही, गळती ऐकू येते. इतर लोक माना डोलवत होते आणि ती मनात टिपत होती: तिसऱ्या ट्रम्पेटची कळ सुकलीय, तेल नाही. त्या म्हाताऱ्याचा ओठ फाटलाय. शिडीचं मधलं झाकण जरा उशिरा मिटतंय, ते मात्र माझंच काम.

"शिडी! अरे ए शिडी!"

शिडीनं वळून पाहिलं, मावशी दिसल्याबरोबर त्याचे डोळे हसले, तोंड मोकळं नव्हतं. मावशीनं हातानं खूण केली: खाली. खालचा सूर. हात खाली नेला, पुन्हा खाली. शिडीला वाटलं मावशी नाचतेय. तो गुडघ्यात वाकला आणि तिच्यासोबत खाली-वर होऊ लागला. भोवतालच्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

"वहिनी, लोक बघतायत."

"बघू देत. तुम्ही पण करा खूण!"

दोन साठीच्या बायका भर उन्हात गर्दीबरोबर चालत हात खाली-वर करत होत्या आणि एक माणूस त्यांचा फोटो काढत होता. शेवटी शिडीला काय वाटलं कोण जाणे. वाकल्या वाकल्या त्यानं सूरही वाकवला, खाली, आणखी खाली, अगदी तळाला. मग एक पायरी वर. मग पुन्हा तळाला.

दोन पायऱ्या. वेगवेगळ्या. स्वच्छ.

मावशी जागीच थांबली. गर्दी तिला वळसा घालून पुढे गेली.

"नाही याच्यात," ती म्हणाली.

"मग मी उगाच नाचले," नणंद म्हणाली आणि फुटपाथवर बसली.


तळ्याकाठचा स्टेज. दुपारी तीन.

दुसरा दाताचा डॉक्टर. त्याचा बँडच डॉक्टरांचा. ढोलांवर हाडांचा डॉक्टर, बासवर डोळ्यांचा, आणि गाणारी बाई भूल देणारी. नणंद म्हणाली, भूल आधी द्यायला हवी होती.

अडचण अशी की दंतवैद्याचा एकही सूर जागेवर नव्हता. सगळीच पोती फाटलेली, त्यात उंदरानं कुठलं कुरतडलं ते कसं सांगायचं? मावशी डोळे मिटून ऐकत होती. तो खाली गेला. खोटं वाजलं. पण ते पाचरीचं खोटं की त्याचं स्वतःचं? पुन्हा गेला. आता वेगळंच खोटं.

"आपल्या पुतण्याची दाढ यांनीच काढली होती ना?" नणंदेनं कानात विचारलं.

"हो."

"बरोबर दाढ काढली होती?"

"गप्प बसा हो."

तळ्यावरून वारा यायला हवा होता, पण तळंही दमलं होतं. गवतावर लोक आडवे पडले होते. कुणाच्या तोंडावर टोपी, कुणाच्या पोटावर कार्यक्रमपत्रिका. मावशीला वाटलं, आपणही आडवं व्हावं. इथेच. संगीत वाजतंय की नाही याच्याशी आपल्याला काय. चौतीस वर्षांत कुणी तिला म्हणालं नव्हतं, मावशी, आज नुसतं ऐका. ऐकायचं म्हणजे काय करायचं, हेही तिला नीट ठाऊक नव्हतं.

कार्यक्रम संपताच ती मागच्या पायऱ्यांवर हजर.

"मावशी!" दंतवैद्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "तुम्ही आलात? कसं झालं?"

"द्या इकडे."

"इतकं वाईट?"

मावशीनं वाद्य काढून घेतलं, आडवं मांडीवर घेतलं, खालच्या पिंजऱ्यात बोट घातलं.

"आ करा म्हणता ना तुम्ही? तसं बघतेय."

पिंजऱ्यात बूच होतं. एकच. नेहमीचं. तिनं तरीही मोठं झाकण दाबून सोडलं, ते चटकन उघडलं.

"काही सापडलं?" दंतवैद्यानं घाबरून विचारलं. त्याचे पेशंट विचारतात त्याच आवाजात.

"काही नाही. रोज दोन वेळा घासत जा," मावशी म्हणाली आणि उठली. उठताना तिला चक्कर आली. तिनं नणंदेचा खांदा धरला.

आता उरली एकच.

दोघींनाही नाव घ्यायचं नव्हतं.


तिसरी.

तिला सगळे तळघर म्हणतात. तोंडावर बाई म्हणतात, मागे तळघर, आणि ते तिलाही माहीत आहे. वय चौऱ्याहत्तर. तिची एक धून आहे, या शहरातल्या टॅक्सीवाल्यालाही येते. ती सुरूच होते तळातून. शेवटची पायरी, तिच्या वरची पायरी, शेवटची, वरची, शेवटची, वरची, जसं कुणी जड पाळणा हलवतंय. त्या दोन पायऱ्यांवर ती मिनिटभर डुलत राहते आणि मगच वर चढते.

त्या दोन पायऱ्या एक झाल्या, तर पाळणा हलणारच नाही.

आज साडेपाचला, मोठ्या मैदानावर, शेवटचा कार्यक्रम. पत्रिकेत तसं छापलं होतं: निरोपाची मैफल.


फाटक. पावणेपाच.

"पाचर?" फाटकावरचा रखवालदार म्हणाला. "म्हणजे काय, हत्यार आहे का?"

"बुचाचा तुकडा आहे. एवढासा."

"आणि तो आत आहे."

"तिच्या वाद्यात आहे. मला दोन मिनिटं द्या, काढते आणि जाते."

"पास हिरवा आहे तुमचा. आत जायला निळा लागतो."

"दादा," नणंद पुढे सरसावली, "ही कोण आहे माहीत आहे का? सॅक्सोफोनची डॉक्टर आहे ही. तुमच्या आतल्या सगळ्यांची वाद्यं हिच्या हातची आहेत."

"बाई, सकाळपासून मला तीन डॉक्टर, दोन सख्खे भाऊ आणि एक होणारी बायको भेटलीय. सगळ्यांचाच जीवनमरणाचा प्रश्न असतो."

"मग एक निरोप तरी द्या."

"लिहून द्या."

मावशीनं कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहिलं: बाई, तळाचं झाकण बघा. पाचर राहिलीय. चूक माझी. रखवालदारानं कागद वाचला, उलटा करून पाहिला, खिशात ठेवला आणि पुढच्या माणसाचा पास बघू लागला.

फोनला नेटवर्क नव्हतं. मैदानावर चाळीस हजार फोन होते आणि चाळीस हजारांनाही नव्हतं.


मैदान. सव्वापाच.

दोघी गवतावर बसल्या. गवत म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पुढे पाठी, पाठींच्या पुढे पाठी, आणि खूप लांब एक उजळ चौकोन.

"वहिनी, तिनं तुमच्या दुकानात वाजवून बघितलं असेल ना? सगळेच बघतात."

तेच मावशीला मघापासून डाचत होतं. सगळे बघतात. शिडी वरून खाली येतो, दंतवैद्य कुठूनही कुठेही जातो. आणि बाई? बाई नेहमी तळापासून सुरू करते. वाद्य हातात घेतलं की पहिला सूर शेवटचा. दुकानाच्या काचा थरथरतात, समोरचा शिंपी मान वर करतो, त्याला कळतं बाई आली. वीस वर्षं हेच.

आज सकाळी शिंप्यानं मान वर केली नव्हती.

आज बाईनं मधलेच चार-पाच सूर वाजवले, "छान झालंय गं" म्हणाली आणि वाद्य पेटीत ठेवलं. मावशीला वाटलं घाई आहे. मावशीला बरंही वाटलं, कारण ती झोपेनं उभ्या उभ्या कलंडत होती.

"नाही बघितलं तिनं," मावशी म्हणाली. "दोघींनीही नाही बघितलं."

नणंदेनं पर्स पोटाशी धरली. आत डबी खुळखुळली.


लाउडस्पीकर.

आणि आता, मंडळी.

(पुढचं ऐकू आलं नाही. चाळीस हजार माणसं उभी राहिली. दोघींना पाठी दिसत होत्या, त्यांच्या जागी आता पाय दिसू लागले.)


मैदान. साडेपाच.

पियानो सुरू झाला. पियानोवाला जमीन तयार करत होता, सगळ्यांना माहीत होतं कशाची. मावशीनं नणंदेचा हात धरला. धरला म्हणजे आवळला.

आता.

पाळणा हलला. पण वर. तळात नव्हे, एक मजला वर. तीच धून, तेच डुलणं, आठ पायऱ्या उंचावर. स्वच्छ, सुरेल, हलकं. मैदान गरजलं. लोकांनी पहिल्या दोन सुरांतच ओळखलं आणि टाळ्या सुरू केल्या. त्या टाळ्यांत कुणाला कळलं असेल की पाळणा पोटमाळ्यावर टांगलाय?

"झालं की!" नणंद म्हणाली. "वाजलं! वहिनी, वाजलं ना?"

मावशी वाट बघत होती. कदाचित दुसऱ्या फेरीत उतरेल. दुसऱ्या फेरीत बाई तळाच्या जवळ आली, तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत, आणि तिथून वळली, पुढचा जिना तुटलेला असावा तशी. पुढच्या धुनेत तसंच. त्याच्या पुढच्या धुनेतही. पाऊण तास बाई वाजवत होती आणि पाऊण तास तिनं खालच्या दोन पायऱ्यांवर पाऊल ठेवलं नाही.

मावशीला मग सगळं कळल्यासारखं झालं. बाईला स्टेजवर चढण्याआधीच बिघाड कळला. पहिला सूर फुंकला असेल, तो फसला असेल, बघायला वेळ नव्हता, आणि ती बिचारी सगळा कार्यक्रम माझ्या चुकीला वळसा घालून वाजवतेय. आयुष्यातला शेवटचा कार्यक्रम, आणि मी तिच्या घराच्या तळमजल्याला कुलूप लावलं.

पहिल्यांदाच मावशी गळती न ऐकता ऐकत होती. तेही धड गाणं नव्हतं. जे वाजत नव्हतं, तेवढंच तिला ऐकू येत होतं.

"रडताय का?" नणंदेनं विचारलं.

"घाम आहे."

"डोळ्यांत?"

"चला. मागे जाऊ. सांगायला तर हवं."


फाटक, पुन्हा. सात वाजायचे होते.

ऊन कलंडलं होतं, पण गेलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर फाटक राखायला कुणाला काय पडलंय? पेट्या बाहेर येत होत्या, वायरी गुंडाळल्या जात होत्या. तोच रखवालदार खुर्चीत बसून बूट काढत होता. मावशीला पाहून त्याला खिशातला कागद आठवला. त्यानं तो काढला आणि तिच्याच हातात दिला. "गडबडीत राहिलं," तो म्हणाला. तसा तोही बारा तास उभा होता. मावशीला त्याला काही बोलावंसं वाटलं नाही.

बाई एका उलट्या पेटीवर बसली होती. चपला काढलेल्या. पाय सुजलेले. वाद्य मांडीवर आडवं. भोवतीच्या माणसांना तिनं हातानंच वाटेला लावलं होतं.

"अगं, तू?" ती म्हणाली. "दुकान सोडून? कोण गेलं?"

"बाई, माझी चूक झाली." मावशीनं एका दमात सांगितलं. डबी, आठ, न मोजणं, रस्ता, तळं, फाटक. "तुम्हाला आज माझ्यामुळे खाली जाता आलं नाही. माफी मागायला आलेय. मागून काही उपयोग नाही, तरी."

बाईनं तिच्याकडे नीट बघितलं. मग मांडीवरच्या वाद्याकडे.

"कुठे आहे म्हणतेस?"

म्हणजे तिला ठाऊक नव्हतं.

मावशी खाली बसली, पिंजऱ्यात बोट घातलं, आणि बुचाशेजारून बुचाचा एक नखाएवढा तुकडा ओढून काढला. तळाचं झाकण उघडलं. हलकासा आवाज झाला, थकलेल्या माणसानं तोंड उघडावं तसा.

बाई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट. हसता हसता खोकला आला. नणंदेनं तिला पाणी दिलं.

"अगं वेडे," बाई म्हणाली, "वर्ष होत आलं, मी तिथे उतरलेच नाहीये."

"म्हणजे?"

तिनं डावा हात पुढे केला. करंगळीचं मधलं पेर सुपारीएवढं सुजलं होतं आणि बोट बाजूला वळलं होतं. "तळाच्या कळा करंगळीच्या. या बोटानं बाटलीचं झाकण उघडत नाही. ते परातीएवढं झाकण कुठून दाबू?"

"आणि लोक?"

"पहिल्यांदा वाटलं, आता आरडाओरडा होईल. पैज लावली होती मी पियानोवाल्याशी. कुणी हूं की चूं केलं नाही. टाळ्या जास्तच पडल्या. म्हटलं, बघ, चाळीस वर्षं उगाच जिना उतरत होते." तिनं बोटं मिटायचा प्रयत्न केला. करंगळी उभीच राहिली. "ते फार लागलं मला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं."

"मग मला सांगायचं होतं!" मावशीचा आवाज चढला. दिवसभराचा सगळा शीण त्या आवाजात होता. "दर वर्षी येता माझ्याकडे. गाद्या बदल, स्प्रिंग बघ, हे बघ, ते बघ. एवढं नाही सांगता येत?"

"काय सांगू? म्हातारी झाले म्हणून? ते दिसत नाही तुला?"

"मला डोळ्यांसमोरची पाचर दिसत नाही, तुमची करंगळी काय दिसणार?"

नणंद फिस्सकन हसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

मावशीनं वाद्य स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं. तिनं करंगळीची कळ दाबून बघितली. दाबली, सोडली, दाबली. "कडक आहे. स्प्रिंग निम्मी सैल करता येईल. आणि कळेला पट्टी जोडून बाहेर काढता येईल, म्हणजे करंगळीऐवजी तुम्ही शेजारच्या बोटानं दाबाल. वरून बूच लावते जाड. वाकवावंही लागणार नाही."

"होतं असं?"

"होतं. पण झाकण उघडायला सुस्तावेल. पहिल्यासारखा पाळणा जोरात नाही हलायचा."

"मीही सुस्तावलेय," बाई म्हणाली. "जमेल आमचं."

"पण निरोपाची मैफल झाली ना तुमची?" नणंदेनं विचारलं. तिला राहवत नाही.

"लोकांचा निरोप झाला. माझ्या घरात मी वाजवू नये असं कुठे छापलंय?" बाईनं हात पसरला. "ते दे इकडे."

"काय?"

"तो तुकडा."

मावशीनं पाचर तिच्या तळहातावर ठेवली. बाईनं ती डोळ्यांजवळ धरली, वास घेतला आणि सरळ स्वतःच्या खिशात टाकली.

"बाई, ती द्यावी लागेल. नऊ झाल्याशिवाय माझी डबी मिटत नाही."

"मग राहू दे उघडी. सोमवारी वाद्य घेऊन येते, तेव्हा देईन. चांगली कळ केलीस तर."


बस. साडेसात.

खिडकीच्या बाजूला मावशी, बाहेरच्या बाजूला नणंद. बसमध्ये सगळ्यांच्या मनगटावर महोत्सवाचे कागदी पट्टे होते आणि सगळे झोपले होते. मावशीच्या टाचेला फोड आला होता. दुसऱ्या टाचेलाही येत होता.

"वहिनी."

"हं."

"मग त्या पाटीचं काय? वाद्य अडलं म्हणायचं की नाही?"

मावशीनं खिडकीला डोकं टेकलं. नणंदेला वाटलं, झोपली.

"पाचर होती. वाद्य अडलेलंच होतं," मावशी डोळे मिटून म्हणाली. "कुणी दारच ठोठावलं नाही म्हणून कळलं नाही. त्यात माझा काय पराक्रम?"

"म्हणजे उतरवायची?"

"सोमवारी बाई येणार आहेत. दुकान उघडं लागेल. मंगळवारचं मंगळवारी बघू."

नणंदेनं मान हलवली. मग पर्समधून डबी काढली, मांडीवर रुमाल पसरला आणि पाचरी रुमालावर ओतल्या. बस वळली तशा त्या एका बाजूला घरंगळल्या. तिनं त्या हातानं अडवल्या.

"आता कशाला हो?"

"दिवस संपला ना. मोजायच्या नाहीत?" आणि ती मोठ्यानं मोजू लागली, प्रत्येक पाचर बोटानं सरकवत. "एक. दोन. तीन. चार." पुढच्या सीटवरचा माणूस दचकून जागा झाला, वळून बघू लागला. "पाच. सहा. सात." ती थांबली. "हं, बोला. तुम्ही म्हणायचं."

इतक्या वर्षांची सवय मावशीच्या जिभेवर आयती येऊन बसली होती. तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. चष्मा नाकावर सरकवला, रुमालावर वाकली, आणि सरकवलेल्या सातांच्या शेजारी उरलेली एक नीट पाहिली.

"आठ," मावशी म्हणाली.